सेकंदाला एकशेवीस फेरे

मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. इतक्या वेगाने फिरणारी कोणतीही वस्तू, तिचा समतोल कितीही काळजीपूर्वक साधलेला असो, किंचित थरथरतेच; आणि सेकंदाला १२० वेळा होणारी थरथर म्हणजे १२० हर्ट्‌झचा सूर. हार्मोनियमवर शोधायला गेलात तर तो खालच्या सप्तकात काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये, कुठल्याच पट्टीत नीट न बसणारा असा सापडेल. गेली पंचवीस-तीस वर्षे घरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या संगणकांमधून हा सूर अखंड निघतो आहे. हार्ड डिस्क ५४०० फेऱ्यांची असेल तर ती ९० हर्ट्‌झवर, पांढरी चार आणि काळी तीन यांच्यामध्ये घुमते. १०,००० फेऱ्यांची डिस्क पांढरी तीनच्या किंचित वर, आणि १५,००० फेऱ्यांची थेट वरच्या सप्तकातल्या पांढरी सातला जवळजवळ जाऊन भिडते. वेग वाढला की पट्टी चढते. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत, आणि हार्ड डिस्क निवडताना होणारी सगळी ओढाताण इथूनच सुरू होते.

मी ध्वनिमुद्रणाचे काम करते. सदाशिव पेठेतल्या आमच्या जागेतली आतली खोली जाड पडदे, गोधड्या आणि पुस्तकांची कपाटे लावून शक्य तितकी शांत केलेली आहे, आणि तिथे बरीच वर्षे मुख्यतः बोलकी पुस्तके तयार होतात. अंध वाचकांसाठी कादंबऱ्या, आत्मचरित्रे, अलीकडे स्पर्धा परीक्षांची पुस्तके. वाचणारी मंडळी हौशी असतात: निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, एक माजी तहसीलदार. एका पुस्तकाचे वाचन बारा-पंधरा तास चालते. संगणक त्याच खोलीत असतो, कारण बाहेरच्या खोलीत आमचे घर आहे. त्यामुळे संगणकात कोणती हार्ड डिस्क घालायची हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वेगाचा किंवा किमतीचा कधीच नव्हता. जी डिस्क काम झटपट करते ती मायक्रोफोनला ऐकू येते, आणि जी मायक्रोफोनला ऐकू येत नाही ती काम करताना वाट पाहायला लावते.

१२० हर्ट्‌झचा सूर नंतर गाळून टाकता येत नाही का, असे मला पुष्कळदा विचारतात. गाळता येतो, पण तो राहतो कुठे ते पाहा. साध्या बोलण्यात पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता साधारण ८५ ते १५५ हर्ट्‌झच्या दरम्यान असते. म्हणजे डिस्कचा सूर बरोबर वाचणाऱ्याच्या छातीतल्या आवाजात मुक्कामाला असतो. तो काढायला गेले की माजी तहसीलदारांचा भारदस्त आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा पातळ होतो. ज्या श्रोत्याला पुस्तकाचे मुखपृष्ठ, कागद, अक्षर यांतले काहीच मिळत नाही, त्याला मिळणारी एकमेव गोष्ट म्हणजे तो आवाज. तो पातळ करून देणे मला पटत नाही. म्हणून गुणगुण नंतर काढण्यापेक्षा मुळात खोलीत येऊ न देणे हाच मार्ग उरतो.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्‌झवर असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, त्यामुळे तिथल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १२० हर्ट्‌झवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या सुरात सूर मिसळून. हा निव्वळ योगायोग नाही. सुरुवातीच्या काळात डिस्क फिरवणाऱ्या मोटारी थेट विजेच्या कंप्रतेवर चालत. ६० हर्ट्‌झवर मिनिटाला ३६०० फेरे होतात, आणि हाच आकडा कित्येक वर्षे या धंद्यात रूढ होता. ७२०० म्हणजे त्याची दुप्पट. आपल्या टेबलाखाली घुमणारा हा सूर एका अर्थी अमेरिकेतल्या विजेचे वरचे सप्तक आहे.

आता वेगाकडे वळू. हार्ड डिस्क म्हणजे एका दांड्यावर बसवलेल्या गुळगुळीत चुंबकीय तबकड्या, आणि ग्रामोफोनच्या पिनेच्या दांड्यासारखी त्यांच्यावर आडवी सरकणारी एक भुजा. भुजेच्या टोकाला माहिती वाचणारे आणि लिहिणारे हेड. फरक एवढाच, की पिन तबकडीवर टेकते आणि हेड मात्र टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगते, आजच्या डिस्कमध्ये तर अवघ्या काही नॅनोमीटरवर. एखादी नोंद वाचायची असेल तर दोन कामे व्हावी लागतात. आधी भुजेने योग्य वर्तुळावर जायचे. याला ‘सीक’ म्हणतात. मग हवी ती जागा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचे. यात्रेतल्या आकाशपाळण्याखाली उभे राहून आपला पाळणा खाली येण्याची वाट पाहावी तसे. सरासरीने अर्धा फेरा वाट पाहावी लागते. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हा अर्धा फेरा सुमारे ५.६ मिलिसेकंदांचा, ७२०० मध्ये ४.२, १०,००० मध्ये ३ आणि १५,००० मध्ये २ मिलिसेकंदांचा. भुजेच्या हालचालीला घरगुती ७२०० च्या डिस्कमध्ये सरासरी साडेआठ-नऊ मिलिसेकंद लागतात. दोन्हींची बेरीज केली की अशी डिस्क सेकंदाला, इकडेतिकडे विखुरलेल्या, जेमतेम ऐंशी नोंदी आणू शकते.

ऐंशी हा आकडा ज्यांना फार वाटत असेल त्यांनी संगणक सुरू होताना किती हजार छोट्या फायली उघडल्या जातात ते ध्यानात घ्यावे. ज्यांना फार थोडा वाटत असेल त्यांनी आयबीएमचे १९५६ चे ‘रॅमॅक’ आठवावे. ही पहिली व्यापारी हार्ड डिस्क. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, वजन सुमारे एक टन, आणि एवढ्या सगळ्यात पन्नास लाख अक्षरे. एक नोंद काढायला सरासरी ०.६ सेकंद लागे. हेड तरंगत ठेवायला सोबत हवेचा कॉम्प्रेसर चालू असे, त्यामुळे आवाजाबद्दल कोणी तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता. ते यंत्र होते आणि यंत्र यंत्रासारखे वाजत होते. तक्रार सुरू झाली ती संगणक टेबलावर आल्यानंतर. सीगेट कंपनीने १९८० मध्ये सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची डिस्क काढली. त्याच कंपनीने १९९२ मध्ये ७२०० फेऱ्यांची ‘बॅराकुडा’, १९९६ मध्ये १०,००० ची ‘चीता’ आणि २००० साली १५,००० ची डिस्क बाजारात आणली. शेवटच्या दोन्ही मोठ्या कचेऱ्यांच्या सर्व्हरसाठी होत्या, वेगळ्या खोलीत ठेवण्यासाठी. १०,००० फेऱ्यांचे यंत्र सामान्य घरगुती संगणकाला जोडता येईल अशा रूपात २००३ मध्ये वेस्टर्न डिजिटलने आणले, ‘रॅप्टर’ नावाने. फक्त ३६ गिगाबाइट, पण सीक घरगुती डिस्कपेक्षा बराच जलद. त्या वेळी लॅमिंग्टन रोडवर आणि आमच्याकडे तपकीर गल्लीच्या परिसरात ज्या दुकानांत मी चौकशी करीत फिरले, तिथे या डिस्कबद्दल नवीन मोटारसायकलबद्दल बोलावे तसे बोलले जाई.

या डिस्क पुढे १५,००० वरच का थांबल्या, याचे कारण हवा. तबकडी फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या जवळजवळ तिसऱ्या घातात वाढते आणि व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातात. म्हणून वेगवान डिस्कच्या आतल्या तबकड्या मुद्दाम लहान ठेवाव्या लागत. बाहेरून डबा नेहमीएवढाच, आत तबकडी खूप लहान. तबकडी लहान म्हणजे साठवण कमी. जी शक्ती हवा घुसळण्यात जाते, तिची उष्णता होते आणि थोडा भाग आवाज होऊन बाहेर पडतो. हाच हिशोब उलटा लावून २०१३ पासून मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरू लागले. त्याची घनता हवेच्या सुमारे एकसप्तमांश. त्यामुळे घुसळण कमी, आणि एकाच डब्यात सात तबकड्या बसवणे शक्य झाले.

हार्ड डिस्कच्या आवाजाबद्दल बोलताना लोक सगळे आवाज एकाच पिशवीत घालतात. त्यात निदान तीन वेगळे आवाज आहेत. पहिला बेअरिंगचा. जुन्या डिस्कमध्ये पोलादी गोळ्यांची बेअरिंग असत आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांतून बारीक शिट्टी येऊ लागे. २००० नंतर तेलाच्या पातळ थरावर फिरणारी द्रव बेअरिंग सर्रास आली आणि ती शिट्टी जवळजवळ नाहीशी झाली. २००१ मधली सीगेटची ‘बॅराकुडा एटीए ४’ ही डिस्क या बाबतीत प्रसिद्ध होती. ७२०० फेऱ्यांची असूनही ती चालू आहे की बंद हे हात लावून पाहावे लागे. दुसरा आवाज फिरण्याच्या थरथरीचा, म्हणजे तो १२० हर्ट्‌झचा सूर. तिसरा आवाज भुजेचा, आणि मला विचाराल तर सगळ्यांत त्रासदायक तोच.

भुजा हलते कशी ते पाहिले की हा आवाज समजतो. एका वर्तुळावरून दुसऱ्यावर कमीत कमी वेळात जायचे तर निम्मे अंतर पूर्ण जोराने धावायचे आणि उरलेले निम्मे अंतर पूर्ण जोराने ब्रेक दाबायचा. रस्त्यावर असा गाडी चालवणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो. प्रत्येक धक्क्याची प्रतिक्रिया डिस्कच्या डब्याला बसते आणि ‘कट’ असा आवाज येतो. सेकंदाला ऐंशी वेळा म्हणजे कुरकुर, करकर, खडखड, जे म्हणाल ते. हा आवाज खर्जातला नसतो, कानाला सर्वांत जास्त समजणाऱ्या मधल्या कंप्रतांमध्ये तो पसरलेला असतो, आणि अनियमित असतो. एकसारख्या गुणगुणीची कानाला सवय होते. अनियमित कटकटीची होत नाही. ध्वनिमुद्रणात तर तो वाचकाच्या दोन शब्दांमधल्या शांततेत नेमका पडतो.

यावर उपाय अगदी साधा होता. धक्का देऊन पळण्याऐवजी भुजेला हळूहळू वेग द्यायचा आणि हळूहळू थांबवायचे. २००२ च्या सुमारास डिस्क आणि संगणक यांच्यातल्या प्रमाणित भाषेत ही सोय रीतसर आली. १२८ ते २५४ या दरम्यानचा एक आकडा डिस्कला सांगायचा. १२८ म्हणजे सर्वांत शांत, २५४ म्हणजे सर्वांत वेगवान. एकाच डिस्कचे दोन स्वभाव. शांत स्वभावात सीकचा वेळ साधारण नऊ मिलिसेकंदांवरून बारा-तेरापर्यंत जाई. मी दिवसा मुद्रणाच्या वेळी १२८ आणि रात्री संपादनाच्या वेळी २५४ अशी आज्ञा देणाऱ्या दोन ओळी संगणकात लिहून ठेवल्या होत्या. आवाज आणि वेग यांच्यातली निवड दुकानात एकदाच न करता रोज दोनदा करता यावी, यापेक्षा चांगली व्यवस्था मी आजवर पाहिलेली नाही.

ही सोय पुढे बाजारातून उठून गेली, आणि तिची कथा तंत्रज्ञांपेक्षा वकिलांनी सांगावी अशी आहे. हलत्या यंत्राला धक्का न बसता थांबवण्याच्या एका पद्धतीवर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी काम केले होते. त्या संस्थेने आणि कन्व्हॉल्व्ह नावाच्या कंपनीने २००० साली सीगेट आणि कॉम्पॅक यांच्यावर पेटंटचा खटला भरला. तो इतका लांबला की २००७ मध्ये त्यातल्याच एका मुद्द्यावर दिलेला निकाल अमेरिकी पेटंट कायद्यात अभ्यासला जाऊ लागला. दरम्यान सीगेटच्या नव्या डिस्कमध्ये हा आकडा बदलण्याची सोय दिसेनाशी झाली; या क्षेत्रातले लोक तिचा संबंध खटल्याशी जोडतात. पुढे प्रमाणित भाषेतूनही ती कालबाह्य ठरवली गेली. शांत भुजा कशी हलवायची हे माहीत असूनही ग्राहकाच्या हातातून ती निवड गेली.

आता वेष्टनावरच्या आकड्यांबद्दल, कारण निवड करताना बहुतेकांच्या हाती तेवढेच असते. आवाजाचा आकडा डिस्कच्या तांत्रिक तक्त्यात बहुधा ‘बेल’मध्ये दिलेला असतो: २.५ बेल, २.८ बेल. एक बेल म्हणजे दहा डेसिबल, म्हणजे २.८ बेल म्हणजे २८ डेसिबल. पण हे डेसिबल उगमापाशी बाहेर पडणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीचे असतात, तुमच्या कानाशी पोचणाऱ्या आवाजाचे नव्हेत. टेबलावरच्या वस्तूपासून मीटरभर अंतरावर तो आकडा साधारण आठने कमी होतो. एखादी कंपनी बेल देते, दुसरी मीटरभर अंतरावरचे डेसिबल देते, आणि दुकानदार दोन्ही आकडे शेजारी ठेवून दुसरी डिस्क शांत असल्याचे पटवतो. यात फसवणूक नसते; त्यालाही ते ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे आकडे कानाच्या संवेदनेप्रमाणे भारित केलेले असतात. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून १२५ हर्ट्‌झच्या आसपासच्या आवाजातून या पद्धतीत सोळा डेसिबल वजा केले जातात. सोळा डेसिबल ही थोडीथोडकी सूट नव्हे. थरथरीचा जो सूर मला पुरुषाच्या आवाजात नडतो, तो तक्त्यातल्या आकड्यात जवळजवळ नसतोच. त्यात हे मापन डिस्क मोकळी ठेवून, शांत कक्षात केलेले. तुमच्या घरी ती पत्र्याच्या कॅबिनेटात चार स्क्रूंनी घट्ट आवळलेली असते.

आणि इथे तंबोरा आठवावा. तार नुसती ताणून छेडली तर जेमतेम ऐकू येते. भोपळा आणि तबली तिला आवाज देतात. हार्ड डिस्क ही तार आहे आणि कॅबिनेटचा पत्रा हा भोपळा. तळहाताएवढ्या डब्याच्या थरथरीने हवा फारशी हलत नाही, पण तीच थरथर दोन-तीन चौरस फूट पत्र्यात उतरली की खोली भरून जाते. त्याच कॅबिनेटात दुसरी डिस्क बसवली की जोडीच्या तारांचा खेळ सुरू. दोन्ही डिस्क ७२०० च्या म्हटल्या तरी त्यांच्या फेऱ्यांत किंचित फरक राहतो. मिनिटाला तीन फेऱ्यांचा फरक असला तर दर वीस सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्यात असे झाले तर आपण खुंटी पिळतो. इथे खुंटी नाही.

उपाय म्हणजे तारेचा भोपळ्याशी संबंध तोडणे. मी तुळशीबागेतून दोन मीटर चांगले रुंद इलॅस्टिक आणले आणि डिस्क कॅबिनेटात झोपाळ्यासारखी टांगली. हा माझा शोध नव्हे, शांत संगणकाचा नाद असलेले लोक जगभर असे करीत आले आहेत. इलॅस्टिकवर टांगलेली पाऊण किलोची डिस्क स्वतः सेकंदाला फार तर दहा-बारा वेळा हेलकावू शकते. त्यामुळे १२० हर्ट्‌झची थरथर तिच्यातून पलीकडे जवळजवळ पोचतच नाही. फरक कानाला इतका जाणवतो की पहिल्यांदा ऐकणारा माणूस संगणक बंद पडला असे समजतो. मात्र याची किंमत पुन्हा वेगात मोजावी लागते. भुजा झटका मारते तेव्हा डिस्कचा डबा उलट दिशेला किंचित वळतो. घट्ट आवळलेला डबा कॅबिनेटाच्या वजनावर भार टाकतो, टांगलेला डबा स्वतःच डोलतो आणि हेडला नेमक्या वर्तुळावर स्थिरावायला थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय स्क्रूंवाटे पत्र्यात जाणारी उष्णता अडते. उष्णतेची मला फार धास्ती वाटत असे. पण २००७ मध्ये गूगलने आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मध्यम तापमानाचा आणि डिस्क बिघडण्याचा संबंध समजला जातो तितका घट्ट आढळला नाही.

डिस्कने आवाज करू नये असे आपण म्हणतो. आवाजाने डिस्कचे काय होते हे त्याहून विलक्षण आहे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतले ब्रेंडन ग्रेग २००८ च्या डिसेंबरात डिस्कच्या एका रांगेसमोर तोंड नेऊन जोराने ओरडले, आणि समोरच्या आलेखावर डिस्कना उत्तर द्यायला लागणारा वेळ त्याच क्षणी उसळलेला दिसला. ओरडण्याने तबकड्या थरथरल्या, हेड वर्तुळावरून ढळले, पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले. २०१६ च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या संगणक केंद्रात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालू होती. वायू अपेक्षेपेक्षा जोराने सुटला, आणि त्या कर्कश आवाजाने डिस्क निकामी झाल्या. बँकेची कार्डे आणि एटीएम सुमारे दहा तास बंद होती. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी आणखी एक हकीकत प्रसिद्ध केली: जॅनेट जॅक्सन यांचे ‘ऱ्हिदम नेशन’ हे गाणे वाजवले की काही जुने लॅपटॉप बंद पडत, इतकेच नव्हे तर शेजारचा लॅपटॉपही बंद पडे. गाण्यातली एक कंप्रता ५४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळत होती. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी मग ती कंप्रता ध्वनीतून गाळून टाकण्याची व्यवस्था केली.

म्हणून आवाज आणि वेग ही तराजूची दोन पारडी आहेत हे नेहमीच खरे नसते. एका कॅबिनेटात चार-सहा डिस्क थरथरत असतील तर प्रत्येकीची थरथर दुसरीला वर्तुळावरून ढळवते. तिथे शांतता हाच वेग. मोठ्या डिस्कमध्ये शेजारणीची थरथर मोजून भुजेला सावरणारे संवेदक बसवतात ते याचसाठी. दोन्ही पारड्यांत एकदम भर टाकणारी आणखी एक युक्ती म्हणजे मागण्यांची रांग लावणे. पोस्टमन पिशवीतली पत्रे जशी आली तशी न वाटता वाड्यांच्या क्रमाने लावून निघतो. डिस्कही आलेल्या मागण्या वर्तुळांच्या क्रमाने लावून घेते. भुजेचे चालणे कमी, म्हणून कटकट कमी आणि वेळही कमी.

आवाज खोटेही बोलत नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्कवर ‘५४०० वर्ग’ असे लिहिलेले होते. काही ग्राहकांनी मायक्रोफोन जवळ धरून त्यांच्या आवाजाचा आलेख काढला, तर सूर ९० हर्ट्‌झवर नव्हता, १२० वर होता. डिस्क ७२०० ने फिरत होत्या. ‘वर्ग’ म्हणजे प्रत्यक्ष फेरे नव्हेत, कामगिरीचा वर्ग, असा कंपनीचा खुलासा होता. तुमच्याकडे हार्मोनियम असेल तर ही परीक्षा घरीही करता येते.

आता निवडीचा मुद्दा. बहुतेक लोक जितका वेग घेतात तितका त्यांना लागतो का, हे मोजतच नाहीत. मी एकदा कागदावर मोजले. चांगल्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणाचा एक माग सेकंदाला १,४४,००० बाइट घेतो. एकाच वेळी चोवीस माग वाजवायचे तर सेकंदाला साडेतीन मेगाबाइट. २००५ च्या आसपासची ५४०० ची डिस्कही पन्नासपर्यंत सहज देई. अडचण भुजेची: चोवीस माग चोवीस वेगळ्या ठिकाणी. प्रत्येक मागाचा सेकंदभराचा साठा आगाऊ वाचून ठेवायचा म्हटले तर सेकंदाला चोवीस उड्या. ५४०० च्या डिस्कमध्ये एक उडी सुमारे साडेसतरा मिलिसेकंदांची, म्हणजे चोवीस उड्यांना ४२० मिलिसेकंद, वाचनाचे ७० धरले तरी अर्धा सेकंद. सर्वांत शांत डिस्क निम्मा वेळ रिकामी बसलेली. माझ्या कामात चोवीस सोडाच, दोन माग असतात. मात्र चित्रपटांचे पार्श्वसंगीत जुळवणारे माझे एक मित्र साठ-साठ माग वाजवतात. त्यांच्या हिशोबात ५४०० च्या डिस्कला नुसत्या उड्यांनाच सेकंदाहून जास्त लागतो, ती हरलीच. ७२०० ची वाचनासकट सुमारे ९०० मिलिसेकंदांत काठावर पार होते. १०,००० ची ६०० च्या आत. त्यांनी रॅप्टर घेतली, संगणक भिंतीपलीकडे ठेवला आणि तारा भिंतीतून नेल्या. त्यांच्याकडे भिंत होती.

आज हा हिशोब बराचसा जुना झाला आहे, कारण एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. उडीचा वेळ मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी, आवाज शून्य. कामाच्या संगणकात आता हार्ड डिस्क घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि माझ्या खोलीतल्या संगणकात गेली कित्येक वर्षे ती नाही. पण तयार पुस्तकांच्या मूळ प्रती, सगळे माग, दुरुस्त्या, यांचा साठा काही टेराबाइटांचा होतो आणि तो दोन-तीन ठिकाणी ठेवावा लागतो. तेवढी जागा एसएसडीत घेणे आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडत नाही, आणि एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याची वस्तूही नाही. म्हणून साठवणीसाठी हार्ड डिस्क उरतेच. त्यात नवी पंचाईत अशी, की मोठ्या क्षमतेच्या डिस्क आता मुख्यतः संगणक केंद्रांसाठी बनतात. त्या ७२०० फेऱ्यांच्या, आठ-नऊ तबकड्यांच्या असतात आणि तिथे त्यांचा आवाज ऐकायला कोणी नसते. त्यांच्या भुजा पुन्हा पूर्ण जोराने धावतात. शांत स्वभावाचा तो आकडा आता बदलता येत नाही.

माझी बारा टेराबाइटची डिस्क बाहेरच्या खोलीत मांडणीच्या सर्वांत खालच्या फळीवर, जाड फेल्टच्या तुकड्यावर आहे, आणि तिची तार दाराच्या चौकटीतून आत येते. सासूबाई म्हणतात, रात्री कोणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरीत बसल्यासारखे वाटते. वर्णन अचूक आहे. महिन्यातून एकदा सगळी डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून, सगळ्या नोंदी शाबूत आहेत का हे तपासावे लागते. सेकंदाला १८० मेगाबाइटच्या सरासरीने याला साडेअठरा तास लागतात. ५४०० ची डिस्क असती तर बहुधा पूर्ण दिवस लागला असता, म्हणून या एका कामासाठी मी वेगाच्या बाजूने कौल दिला. शनिवारी रात्री आठला तपासणी लावते, रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास संपते. त्या दिवशी ध्वनिमुद्रण ठेवत नाही.